अर्धी चांदी

धोपाव्याहून फेरीबोटीत चढलो तेव्हा
खिशात भिंग, लोहचुंबक आणि सोनाराचा छोटा काटा.
दाभोळच्या जैबूनबी तांडेल यांचा निरोप होता:
रुपये आहेत, लढाईतले. येऊन बघा.

चहाच्या डब्यात शिडाच्या कापडाची पुरचुंडी.
गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी दात लावले,
ऐंशी वर्षांच्या बाईचे, एकूण चार.
बावीस रुपये चटईवर ओतले
आणि लगेच तळव्यानं झाकले,
माशी बसू नये तसे.

मी सांगू लागलो. मला सांगायला आवडतं.
की चाळीस साली सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली,
उरलेल्यात तांबं, निकल, जस्त.
की लोक जुने रुपये पुरून ठेवत होते
चुलीखाली, माडाच्या बुंध्याशी,
म्हणून रुपयाची नोट निघाली.
की खोटे पाडणाऱ्यांना अडवायला
नव्या रुपयाच्या कडेत मधोमध खाच फिरवली.
की सत्तेचाळीसला निकलचा आला, मागे वाघ,
चांदी औषधालाही नाही.
बघा, म्हणून मी खिशातला वाघ
चुंबकाला चिकटवून दाखवला.

त्या म्हणाल्या,
वाघ आमच्यात नाहीत. मोजा.

बोटकंपनीच्या कचेरीतून आईला महिन्याचे पैसे मिळत,
त्यातला एक ती बाजूला टाकी.
एकवीस महिने.
मग बोट बुडाली
आणि पगारही म्हणे त्याच दिवशी बुडाला.
त्रेचाळीसनंतरचा एकही नाही त्यांच्यात.
झिजलेल्या राजाच्या गालावर तांब्याची लाली,
निम्म्या चांदीचे असेच, घासले की लाजतात.

बाविसावा बोटाला वेगळा लागला.
साल बघायच्या आधीच कळलं:
कडेला खाच नाही.
भिंग काढलं.
एकोणचाळीस.

हा टाकसाळीतून फार थोडा बाहेर पडला.
म्हणून अडतीसच्या आठाचा नऊ कोरून विकतात लोक,
असे सात खोटे नऊ मी आजवर परत केलेत.
हा नऊ खरा होता. शेपटीपर्यंत खरा.
आणि वर, राजाच्या मुकुटाला लागून,
कुणा सोनारानं डाग देऊन बसवलेली कडी.

याला किती?
कडी आहे. संग्राहक हात लावत नाहीत.
मग काढून टाका की.
काढली तरी व्रण राहतो.

खरं होतं. म्हणजे जेवढं बोललो तेवढं.
व्रणासकट घेणारेही आहेत,
त्यांचे फोन नंबर माझ्या वहीत आहेत,
हे बोललो नाही.
अर्धी चांदी.
बाकी तांबं, निकल, जस्त.

काट्यावर बावीसही एकदम टाकले, एकच भाव.
नोटा त्यांनी दोनदा मोजल्या, उशीखाली सारल्या,
मग कडीचा रुपया माझ्या हातातून परत घेतला
आणि कडेवरून नख फिरवलं.
हे बघा. हे माझे दात.
बापाच्या पहिल्या फेरीच्या पगारातला हा,
आईनं माझ्या गळ्यात बांधलेला.
दात शिवशिवायचे ना, हाच चावायची मी.
हसल्या. ते चारही दिसले.
आणि रुपया माझ्या तळव्यावर ठेवून
माझी बोटं त्यांनीच मिटवली.

परतीची बोट उशिरानं लागली.
धक्क्यावर एक पोरगा
टरफलासकट कालवं विकत होता,
उगाच दोन डझन घेतली.

रात्री वहीत नोंद:
१९३९. मुंबई. कडी. झीज मध्यम.
कडेला बारीक खोचे, चार की पाच.
रकान्याचं नाव बघून पेन थांबलं.
वर मीच छापून घेतलंय: दोष.

तेव्हापासून दोन गिऱ्हाइकं आली, एक तर पुण्याहून, गाडी करून.
फरशीवर वाजवून बघितला त्यानं.
कडीमुळे बद्द वाजतो.
किती, म्हणाला.

मी म्हटलं, नका घेऊ,
आठाचा नऊ केलाय.